टेकडीवरचा एकच साक्षीदार

निकानोर सोतेलो पाराना नदीच्या काठी, पासो ताकुआरा नावाच्या कोळ्यांच्या गावात जन्मला आणि चालायला लागायच्या आधी बापाच्या होडीत बसला. हाडापेरानं दांडगा, बोलण्यात मात्र भारी कंजूष. त्याचा जिवलग रुफिनो इन्साउराल्दे याच्या अगदी उलट. काटकुळा, सतत भुकेला, तोंडाला कुलूप नाही, आणि अकॉर्डियन असा वाजवायचा की म्हाताऱ्या बायका हातच्या कामाला लाथ मारून नाचायला उठायच्या. गावातलं एक लग्न रुफिनोच्या पेटीशिवाय लागलं नाही, आणि त्या प्रत्येक लग्नात पेटी खांद्यावरून वाहून आणायला निकानोर.

अठरा पुरी झाली की सरकार पोरांच्या नावावर आकडे काढायचं. ज्याचा आकडा मोठा, तो वर्षभर पलटणीत. दोघांचेही आकडे मोठे निघाले. निघायच्या दिवशी रुफिनोची आई, दोन्या चोना, बसच्या पायरीशी आली आणि निकानोरची बाही धरून म्हणाली, "निका, माझ्या पोराला धड मासा साफ करता येत नाही. तू त्याच्याजवळ राहा रे."

"राहीन, मावशी," निकानोर म्हणाला. एवढंच म्हणाला, पण म्हणाला ते मनापासून.

वर्ष सरत आलं होतं, घरी जायचे बेत चालले होते, आणि तेवढ्यात ब्याऐंशीच्या एप्रिलात राजधानीतल्या सेनापतींनी दूर दक्षिणेच्या थंड समुद्रातली माल्विनास बेटं इंग्रजांच्या हातून काढून घेतली. रेडिओवर बँड वाजू लागला. चौकाचौकांत लोक झेंडे घेऊन नाचले. आणि या उष्ण कोरिएन्तेस प्रांताची पोरं, ज्यांनी जन्मात कधी अंगणात दव गोठलेलं नीट पाहिलं नव्हतं, ती पातळ कोटांत विमानानं त्या बेटांवर उतरवली गेली. वारा असा की उभं राहून लघवी करायची सोय नाही. ज्या टेकडीवर त्यांना बसवलं तिथं झाड एक नाही. खड्डा खणावा तर तळाला पाणी.

त्यांच्या तुकडीचा अधिकारी लेफ्टनंट बार्सेना. राजधानीचा, लष्करी शाळेतून नुकताच निघालेला, पोरांपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा. बूट मात्र चकचकीत. पोरं आपसात गावाकडची ग्वारानी बोली बोलायची, तर त्याला ते खपायचं नाही. "माणसांच्या भाषेत बोला," म्हणायचा. मुळात तो भित्रा होता असं नाही, पण आपण भित्रे दिसू या धास्तीनं त्याचा सारा दिवस जायचा. असला माणूस हाताखालच्यांवर फार कडक होतो.

मे महिना उलटला. इंग्रजांच्या बोटी आल्या, बाँब पडू लागले. बंदरात अन्नाच्या पेट्यांचे ढीग होते म्हणे, पण टेकडीवर पोचायचा तो बादलीभर पाणचट रस्सा, तोही गार. रुफिनोचे पाय सुजून निळे पडले. बूट काढला की परत चढेना. आधी तो थट्टा करायचा, "निका, मी मेलो तर माझी पेटी पाद्र्याला देऊ नकोस, बेसूर आहे मेला." मग थट्टा बंद झाली. मग बोलणंच बंद झालं. रुफिनो गप्प बसला, तेव्हा निकानोरला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

एका सकाळी धुक्यात निकानोर टेकडीमागं गेला आणि एक मेंढरू घेऊन आला. बेटांवर मेंढरांना तोटा नव्हता, पण त्यांना हात लावायचा नाही असा हुकूम होता. खड्ड्यातल्या सहाजणांनी ते चोरून उकडलं. मीठ नव्हतं. रुफिनोनं हाडं फोडून आतला मगज चोखला, आणि खूप दिवसांनी म्हणाला, "आईच्या हातचं वाटलं रे."

वास लपत नाही. दुपारी बार्सेना खड्ड्याच्या काठावर उभा राहिला.

"कुणी मारलं?"

बार्सेनाची नजर एकेकावरून फिरत रुफिनोवर थांबली. रुफिनोच्या हनुवटीला चरबी लागली होती.

"मी मारलं, साहेब," निकानोर म्हणाला आणि वर चढला.

त्याला उघड्या माळावर नेलं. कोट काढायला लावला. उताणं पाडलं. तंबूचे चार खुंट ठोकले आणि दोन मनगटं, दोन घोटे ओल्या दोरीनं ताणून बांधले. वरून गोठलेला पाऊस भुरभुरत होता. "बाकीच्यांनी नीट बघून ठेवा," बार्सेना म्हणाला. "आणि याच्याजवळ जो जाईल, तो याच्या शेजारी झोपेल."

निकानोरला पहिल्यांदा दोऱ्या कळल्या, मग हात कळेनासे झाले. वर आभाळ इतकं खाली होतं की तोंडात शिरेल असं वाटायचं. दूर कुठं तरी तोफा वाजत होत्या. प्रत्येक हादऱ्यानं पाठीखालची जमीन हलायची. बापाच्या होडीत आपण झोपलोय असं त्याला वाटू लागलं. तेवढ्यात गवतात काही तरी सरपटल्याचा आवाज झाला.

रुफिनो होता. पाय टाकता येत नव्हता म्हणून कोपरांवर रांगत आला होता. त्यानं स्वतःचा कोट काढून निकानोरच्या अंगावर टाकला, कडा त्याच्या कुशीखाली खोचल्या आणि त्याच्या तोंडात मांसाचा तुकडा सरकवला. ओठ इतके बधिर झालेले की तो तुकडा बोटानं आत ढकलावा लागला.

"जा, येड्या," निकानोर पुटपुटला. "तुलाही बांधतील."

"बांधू दे." रुफिनो रडत होता. "घरी गेलो ना, की गावच्या चौकात उभा राहून ओरडून सांगणार आहे मी. या हरामखोरानं तुला काय केलं ते, सगळ्यांसमोर. ऐकतोयस ना? माझ्याकडं बघ. झोपू नकोस."

अंधारून आलं तेव्हा एका हवालदाराला दया आली आणि त्यानं दोऱ्या कापल्या. पुढं कित्येक वर्षं, हवा बदलली की निकानोरची मनगटं ठणकायची.

इंग्रज टेकडीवर चढले ते जूनमध्ये. आधी रात्रभर तोफांनी टेकडी नांगरली, आणि उजाडता उजाडता धुरातून माणसं वर येताना दिसू लागली. तुकडीची मशिनगन चालवणारा पोरगा पहिल्याच धक्क्यात गेला. कुणी तरी ओरडलं, "मागं व्हा!" हुकूम कुणाचा, कळायला मार्ग नव्हता. पोरं खड्ड्यांतून उठून पळू लागली. रुफिनोला उठताच येईना. तो खड्ड्याच्या तळाशी डोक्यावर दोन्ही हात घेऊन बसला होता आणि नुसता हुंदके देत होता.

निकानोरनं त्याला बखोटीला धरून बाहेर ओढलं आणि पळणाऱ्या दोघांच्या अंगावर जवळजवळ फेकलंच. "याला घेऊन जा. टाकलंत तर मी आहे आणि तुम्ही आहात." मग तो मशिनगनकडं गेला.

तिथं त्यानं काय केलं ते वाचलेल्या पोरांनी बघितलंय, म्हणून ते गावापर्यंत आलं. स्वतः तो त्याबद्दल फारसं कधी बोलला नाही. ती गन दोन माणसांची. एकानं झाडायची, दुसऱ्यानं गोळ्यांचा पट्टा सरळ धरायचा. हा एकटा. डाव्या हातानं पट्टा सांभाळायचा, थोडा वेळ झाडायचा, की तापलेली गन कवेत घेऊन पंधरा-वीस पावलं पलीकडच्या खडकाआड जायचा आणि तिथून झाडायचा. परत पहिल्या जागी. खालच्यांना वाटलं, वर दोन गना आहेत. ते आडवे झाले, सावध झाले, थांबले. तेवढ्या वेळात मागची सगळी पोरं उतार ओलांडून गेली. एक गोळी त्याच्या खांद्याचं मांस घेऊन गेली, तेही त्याला नंतर कळलं. पट्टा संपला तेव्हा त्यानं गन खडकावर आपटून निकामी केली आणि उताराला लागला.

अर्ध्या उतारावर बार्सेना पडलेला. मांडीतून रक्त वाहत होतं, आणि त्याचे स्वतःचेच लोक त्याला ओलांडून पुढं गेले होते. तो आईला हाका मारत होता. निकानोर त्याच्याजवळ थांबला. आजूबाजूला तोफगोळे पडत होते, धूर होता, बघणारं कुणी नव्हतं. पुढं निघून गेला असता तर जगात कुणाला कळलं नसतं.

त्यानं बार्सेनाला पाठीवर घेतलं. का घेतलं, हे पुढं त्याला बायकोनं विचारलं, एका वकीलबाईंनी विचारलं. "आईला हाका मारत होता," एवढंच तो म्हणायचा. औषधोपचाराच्या तंबूपर्यंत बार्सेनानं त्याचा गळा घट्ट धरून ठेवला होता आणि एकच वाक्य तो घोकत होता, "टाकू नकोस, सोतेलो, मला टाकू नकोस."

देश युद्ध हरला. नाचणारे चौक रिकामे झाले. पोरांना पडदे ओढलेल्या बसमधून आणलं आणि ताकीद दिली, की तिकडं जे झालं त्याबद्दल तोंड उघडायचं नाही. निकानोरनं तसंही उघडलं नसतं. थंडीनं गेलेली पायाची दोन बोटं तिकडंच राहिली होती, त्यामुळं होडीत तोल सावरायला त्याला नव्यानं शिकावं लागलं. त्यानं झुनिल्दाशी लग्न केलं, मिर्ता नावाची मुलगी झाली, सुरुबी माशाच्या हंगामात तो दिवस दिवस नदीवर राहायचा. मनगटं दुखली की झुनिल्दा मिठाच्या गरम पाण्यात फडकं भिजवून बांधायची. "जाळी ओढून ओढून वाट लावून घेतलीस," म्हणायची. तो हूं म्हणायचा.

रुफिनोला ते दिवस जास्त जड गेले. पेटी काढायचा, दोन सूर वाजवायचा, ठेवून द्यायचा. प्यायला लागला. एकदा निकानोरनं त्याला नदीतून बाहेर काढलं. पाय घसरला असं रुफिनो म्हणाला आणि निकानोरनं ते मान्य केलं. पण दर रविवारी दोघं होडीच्या सावलीत तेरेरेचा पेला घेऊन बसायचे. एकाच पेल्यातून आळीपाळीनं तो गार कडवट काढा ओढायचे, आणि कधी तरी, बाकी कुणी नसलं की, रुफिनो म्हणायचा, "तो पाऊस आठवतो का रे?" निकानोर मान हलवायचा. जगात ते ठाऊक असलेला दुसरा माणूस आहे, तो आपल्या शेजारी बसलाय, हे त्याला पुरायचं. हळूहळू रुफिनो सावरला. लग्न झालं, दोन मुलगे झाले, पेटीही परत वाजू लागली.

मुलगे मोठे झाले तसे ते बापाला लढाईबद्दल विचारू लागले. एकदा दुकानात निकानोरच्या कानावर आलं, की मशिनगनचा पट्टा म्हणे रुफिनोनं धरला होता. शेवटपर्यंत. निकानोरनं ऐकलं आणि मीठ घेऊन घरी आला. पोरांसमोर बापानं खड्ड्यात बसून रडल्याचं थोडंच सांगायचं? त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पंचवीस वर्षं गेली. देशात इतर ठिकाणचे जुने सैनिक बोलू लागले होते, की आम्हाला आमच्याच अधिकाऱ्यांनी छळलं, खुंटांना बांधलं; याचा खटला व्हायला हवा. एक दिवस नोएमी गाउना नावाच्या वकीलबाई पासो ताकुआरात आल्या. निकानोरच्या स्वयंपाकघरात बसल्या, आणि निकानोर बोलू लागला. थांबत थांबत, टेबलाकडं बघत. चुलीपुढं उभी असलेली झुनिल्दा वळली. तिच्या हातातला डाव तसाच राहिला.

"पंचवीस वर्षं मी तुझ्या मनगटांना फडकी बांधतेय," ती म्हणाली. "आणि तू मला जाळ्याचं सांगत होतास?"

"तू सांगितलंस जाळ्याचं. मी हूं म्हणालो."

"मेल्या!" ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

वकीलबाईंनी विचारलं, प्रत्यक्ष पाहणारं कुणी आहे का. खड्ड्यातल्या सहाजणांपैकी तिघं टेकडीवरच राहिले होते, एक नंतर गेला; दोऱ्या कापणारा हवालदारही आता उरला नव्हता. "रुफिनो आहे," निकानोर म्हणाला. त्याच संध्याकाळी रुफिनो येऊन बसला आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "सांगणार म्हणजे? मी वाट बघतोय कधीची! बोलवा मला, बाई, कुठंही बोलवा."

यानंतर थोड्याच दिवसांत गावात बातमी आली. दोन एप्रिलला, युद्ध सुरू झाल्याच्या दिवशी, निकानोर सोतेलोला शौर्याचं पदक मिळणार होतं, आणि ते द्यायला खुद्द निवृत्त कर्नल बार्सेना राजधानीहून येणार होते. महापौर हरखून गेला. चौकात मांडव पडला, शाळेच्या पोरांना गाणी शिकवली गेली. निकानोरला काय वाटावं ते कळेना. झुनिल्दानं त्याचा लग्नातला कोट काढला. "जा," म्हणाली. "बघू तरी त्याला कुठल्या तोंडानं बोलतो ते."

समारंभाआधी बार्सेनानं त्याला नगरपालिकेच्या खोलीत बोलावलं. केस पांढरे झालेले, एक पाय किंचित ओढत चालायचा. त्यानं निकानोरला कडकडून मिठी मारली.

"सोतेलो, भावा! माझी पोरं जगात आहेत ती तुझ्यामुळं. रोज आठवण काढतो तुझी."

"बसा, साहेब," निकानोर म्हणाला.

बार्सेना बसला. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "ती वकीलबाई येऊन गेली म्हणे. भावा, माझं ऐक. तू वीर आहेस. लोकांनी तुला तसंच आठवावं. मेंढरू चोरलं, मग शिक्षा झाली, हे असलं काढून तू स्वतःला लहान करतोस."

"मला मोठं व्हायचं नाहीये. तुम्ही मला बांधलंत, एवढं म्हणा. त्या लोकांसमोर म्हणा. मी तुमचा हात हातात घेईन, आणि वकीलबाईंना सांगेन की मिटलं."

बार्सेना खिडकीबाहेर बघत राहिला. त्या क्षणी तो म्हणेल असं निकानोरला खरंच वाटलं.

"कुणाला कुणी बांधलं नाही, सोतेलो," बार्सेना म्हणाला. "तसं काही झालंच नाही."

मांडव गच्च भरला होता. मंचावर एका बाजूला रुफिनो, नवा शर्ट घालून, मांडीवर पेटी घेऊन बसला होता. निकानोरनं त्याच्याकडं पाहिलं, तर त्यानं पेटीचा पट्टा नीट करायला मान खाली घातली. बार्सेनानं भाषण चांगलं केलं. लढाईचं सगळं खरं सांगितलं; ती गन, ते खडक, पाठीवर घेणं. बायका डोळे पुसू लागल्या. मग तो म्हणाला, "पण आज मला एक जुनी चूकही दुरुस्त करायची आहे. त्या गनपाशी एक नव्हे, या गावचे दोन सुपुत्र होते. सुजलेल्या पायांनी शेवटपर्यंत गोळ्यांचा पट्टा धरून ठेवणारा जवान म्हणजे रुफिनो इन्साउराल्दे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रुफिनोचे दोन्ही मुलगे खुर्चीवर चढून ओरडू लागले. बार्सेनानं दोघांच्या छातीवर पदकं लावली.

निकानोर तेव्हाही रागावला नव्हता. असू दे, त्याच्या मनात आलं, त्यानंही सोसलंय. त्याला बोलायला सांगितलं, तेव्हा तो माइकपाशी गेला. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांपुढं उभा होता.

"साहेबांनी सांगितलं ते खरं आहे," तो म्हणाला. "पण त्याच्या आधीचं राहिलं. लढाईच्या आधी या साहेबांनी मला थंडीत जमिनीवर खुंटांना बांधलं होतं. आम्ही उपाशी होतो म्हणून मी मेंढरू मारलं होतं. एवढंही लोकांना माहीत असावं, म्हणून सांगतो."

मांडवात कुजबुज उठली. महापौर अर्धवट उठून परत बसला. बार्सेना मात्र जागचा हलला नाही. शांतपणे, जवळजवळ मायेनं म्हणाला, "युद्धात माणसाच्या मनावर फार आघात होतात. मी सोतेलोला दोष देणार नाही. पण तिथं असलेला दुसरा माणूस आपल्यातच बसला आहे. त्यालाच विचारू या. इन्साउराल्दे, असं काही घडलं होतं?"

निकानोर वळला. त्याला हायसं वाटलं, हे त्यानं नंतर झुनिल्दाला सांगितलं. हायसं! त्याला वाटलं, बार्सेनानं स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आता रुफिनो उठेल. याच चौकाबद्दल तर तो म्हणाला होता.

रुफिनो उठला. पेटी छातीशी धरून उठला. त्यानं मुलांकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं.

"मला असलं काही आठवत नाही," तो म्हणाला. मग बार्सेनाची नजर अजून आपल्यावरच आहे हे बघून पुढं म्हणाला, "निकाला तेव्हा ताप भरला होता. बरळायचा तो. तापातलं असेल."

कुणी तरी कीव आल्यासारखं च्‌च्‌ केलं. निकानोर माइकपाशी तसाच उभा होता. मग त्यानं पदक काढून टेबलावर ठेवलं आणि मंचाच्या पायऱ्या उतरला. दोन बोटं नसलेला पाय पायरीवर अडखळला, तर मागून एकजण हसला. झुनिल्दा गर्दीतून वाट काढत आली, नवऱ्याचा दंड धरला आणि मंचाकडं बघून मोठ्यानं म्हणाली, "रुफिनो, तुझ्या आईला हे ऐकावं लागलं नाही. बरं झालं, आधीच गेली ती." आणि पाठोपाठ पेटी वाजायला लागली. महापौरानंच खूण केली म्हणे. पण वाजवली रुफिनोनं.

गावाचे दोन तट पडले म्हणावं, तर तेही खरं नाही. मोठा तट एकच होता. त्याचं म्हणणं, कर्नलसाहेब एवढ्या लांबून आले, पदक दिलं, आणि हा कृतघ्न. काहीजण म्हणायचे, बिचारा, डोक्यावर परिणाम झालाय. हे दुसरं त्याला जास्त लागायचं. नदीवर भेटणारे कोळी त्याच्याशी जरा हळू, जरा जपून बोलू लागले, आजाऱ्याशी बोलावं तसं. मिर्ता शेजारच्या गावात शाळेत शिकवायची, ती आली आणि म्हणाली, "बाबा, माझा तुमच्यावर विश्वास आहे." तो म्हणाला, "ठेव." पण लेकीला असं बोलून दाखवावं लागलं, हे त्याला गावाच्या बोलण्याहून जड गेलं.

वकीलबाईंना त्यानं कळवलं की साक्षीदार नाही, मी एकटा येतो. लांब दक्षिणेला, बर्फाळ गावातल्या कोर्टात तो गेला आणि न्यायाधीशासमोर सगळं सांगितलं. बाहेरच्या बाकावर चाको प्रांतातला एक कापूस वेचणारा बसला होता. त्यालाही कुणा दुसऱ्या अधिकाऱ्यानं, दुसऱ्या टेकडीवर बांधलं होतं. दोघं अनोळखी. त्यानं स्वतःच्या थर्मासमधलं गरम पाणी तशाच काढ्याच्या पानांवर ओतून पेला निकानोरपुढं केला. निकानोरनं तो घेतला. इतकी वर्षं रविवारी ज्याच्याबरोबर एका पेल्यातून प्यालो तो कुठं, आणि हा कुठला कोण, असं त्याच्या मनात आलं. पेला रिकामा करून त्यानं परत दिला.

खटला वरच्या कोर्टात गेला आणि तिथं म्हणाले, फार जुनी गोष्ट आहे, मुदत टळली. वकीलबाई फोनवर रडवेल्या झाल्या होत्या. निकानोरनंच त्यांना समजावलं.

वर्षभरानं एका सकाळी तो होडीला डांबर लावत होता, तेव्हा रुफिनो आला. सोबत चिपाची पुरचुंडी. त्याच्या बायकोनं भाजलेले, चीज घातलेले गरम छोटे पाव. ती त्यानं होडीच्या काठावर ठेवली.

"निका."

निकानोर डांबर लावत राहिला.

"शिव्या दे. मार. काही तरी कर."

"का सांगितलीस ती तापाची गोष्ट?" निकानोर म्हणाला. "आठवत नाही म्हणालास, ते मी समजलो असतो. भ्यालास म्हणून सोडून दिलं असतं. ताप कशाला?"

रुफिनो वाळूत बसला. "आदल्या दिवशी बार्सेनानं बोलावलं होतं. म्हणाला, पट्टा तूच धरलास असं मी सांगतो. सगळ्यांसमोर. फक्त त्या दुसऱ्या गोष्टीचं… निका, पोरं माझ्याकडं बघतात रे आता. आधी बघायची ती दारुडा म्हणून. मी काय केलं होतं त्या युद्धात? खड्ड्यात बसून रडलो. तेवढंच आहे माझ्याकडं."

"पट्ट्याचं मला कधीच माहीत होतं. दुकानात ऐकलं होतं. मी कुणाला बोललो? तू मागितलं असतंस तर अख्खी गन तुझ्या नावावर केली असती. मला काय करायची होती ती?"

रुफिनो बोटानं वाळू उकरत राहिला.

"आणि तेवढंच आहे तुझ्याकडं?" निकानोरचा ब्रश थांबला. त्याचा आवाज चढला. तो कुणावर आवाज चढवायचा माणूस नव्हता. "गन मी चालवली ती कशी? विचार करायला वेळ नव्हता, डोकं चालत नव्हतं, चालवली. तू मात्र कोपरांवर आलास. तुला सांगितलं होतं त्यानं, की तुलाही बांधेन. तुझे पाय सडले होते. तरी आलास, अंगावरचा एकुलता एक कोट काढून दिलास. त्या टेकडीवर खरी छाती कुणी दाखवली असेल तर ती तू, गाढवा! ती गोष्ट पोरांना सांगायची होतीस. ती आता घडलीच नाही. मला बांधलंच नाही, तर तू आलास कुणाकडं?"

रुफिनो त्याच्याकडं बघत राहिला. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हात काढून तो म्हणाला, "मी आता सांगू का? महापौराकडं जाऊन?"

"आता कोण ऐकणार? आणि तुझ्या पोरांचं काय करशील?"

नदीवरून वाळूची बोट गेली, तिच्या लाटांनी दोघांचे पाय भिजले. रुफिनो उठला.

"रविवारी येऊ का?" त्यानं विचारलं.

"नको," निकानोर म्हणाला.

रुफिनो गेला. महापौराकडं गेला नाही. नाही तर गावात कळलं असतं. दर दोन एप्रिलला तो पदक लावून मिरवणुकीत पुढं चालतो, आणि अलीकडं पेटी वाजवायला मात्र तयार होत नाही, बोटं दुखतात म्हणतो. त्याच्या नातवंडांना पट्ट्याची गोष्ट पाठ आहे.

त्या दिवशी निकानोर आणि झुनिल्दा सकाळीच होडी काढतात आणि वरच्या अंगाला, बँड ऐकू येणार नाही इतकं दूर जातात. ती डबा बांधून घेते, तो गळ टाकतो. मागच्या वर्षी मोठा सुरुबी लागला, दोघांना मिळून ओढावा लागला, आणि झुनिल्दा घसरून माशावरच पडली. दोघं खूप हसली. मग हसता हसता निकानोर बोलून गेला, "हे रुफिनोला सांगायला…" आणि गळ आवरायला लागला. झुनिल्दानं मासा होडीच्या तळाशी सरकवला आणि वल्हं उचललं.